दार क्रमांक पाचशे चौपन्न

६ जानेवारी, सोमवार

आज मंडळात एक आई रडली.

आमचं वधूवर सूचक मंडळ गिरगावात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दुपारी चारनंतर लोक मुलामुलींची नावं नोंदवायला येतात. दाराशी बाक, पुढे काउंटर, काउंटरसमोर भिंतीला देव्हारा आणि त्यात आमचा गणपती. काउंटरवर फ्लॉरेन्स परेरा बसते. मी आतल्या खोलीत बसून नोंदी कॉम्प्युटरवर चढवतो आणि देवाची पूजा करतो. पूजा माझ्या नेमणुकीत नाही, पण ती मी सोडून कुणी करत नाही.

आज आली ती मनवा नावाच्या मुलीची आई. मनवाचं एकदा ठरून मोडलं होतं. ते आईने फक्त फ्लॉरेन्सच्या कानावर घातलं होतं. बैठक झाली की मुलाकडच्यांना आपणच सांगू, असं दोघींचं ठरलं होतं. पण मुलाकडच्यांनीच आधी विचारलं, "लपवलंत का?" आणि स्थळ गेलं. दिवाळीपासून अशी बोंब आधीही झाली आहे.

अध्यक्ष माधवराव म्हणाले, "सांगितलं एकीला आणि कळलं जगाला. मधे कोण?" आणि फ्लॉरेन्सकडे पाहिलं.

फ्लॉरेन्सला या जागी जुन्या संस्थापकांनी मुद्दाम आणलं. ती ख्रिश्चन, आपल्यात तिचे सोयरेधायरे कुणी नाहीत. तिच्या पोटातली गोष्ट आपल्या लोकांत पोचायला वाटच नाही, असा त्यांचा विचार. इतकी वर्षं तो खरा ठरला. आता तेच उलटं झालंय. बाई बाहेरची, तिला आपल्या मुलींचं काय!

८ जानेवारी, बुधवार

कमिटी बसली. आमचे चिटणीस हितेंद्र, त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं ते स्वतः सांगतात. ते म्हणाले, "बेसिकली दोनच शक्यता. एकतर सिस्टिम हॅक झालीय, नाहीतर बाई बोलतेय."

माधवराव म्हणाले, "मग सिस्टिम तपासा. ती निर्दोष निघाली की बाईंना नारळ."

म्हणजे यंत्र चोर ठरलं तर बाई वाचणार. तपासायचं कुणी? बाहेरच्या माणसाला मुलींच्या नोंदी कशा दाखवायच्या? हितेंद्रना वेळ नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादरला कॉम्प्युटर-सुरक्षेचा शनिवारचा एक वर्ग असतो, तिथे मला पाठवायचं ठरलं. महिनाअखेरच्या सभेत अहवाल द्यायचा. देवगडच्या शाळेत बारावी झालेल्या माणसावर एका बाईची भाकरी टांगली.

सभा उठल्यावर फ्लॉरेन्स म्हणाली, "पण बुधाजी, मनवाची ती गोष्ट मी लिहिलीच नाही रे कुठे. कॉम्प्युटरात नाहीच, तर कॉम्प्युटरातून चोरणार काय?"

मी म्हटलं, "फ्लॉरेन्सबाई, तंत्रज्ञानातलं आपल्याला काय कळतं!"

११ जानेवारी, शनिवार

वर्गात सगळी पोरं आणि मी. शिकवणारी कॅरिसा नावाची मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची.

"काका, प्रत्येक कॉम्प्युटरला पासष्ट हजारांवर दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात."

"एवढी कशाला?"

"ते बनवणाऱ्यांना विचारा. आपण काय करायचं, तर प्रोग्रॅम लिहायचा. तो एकेका दारावर टकटक करेल. आतून कोणी ओ दिली तर ते दार उघडं म्हणून लिहून घेईल. बस. आत घुसायचं नाही. आणि टकटक फक्त आपल्याच घरात हां! दुसऱ्याच्या दाराला हात लावलात तर पोलीस तुम्हाला काका म्हणणार नाहीत."

ऑफिसमध्ये करण्याआधी लेखी परवानगी घ्यायची, हेही तिने बजावलं. मला तिची शिस्त आवडली.

१४ जानेवारी, संक्रांत

घरच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन शिकतोय. ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिली की भाषा रुसते. ओळ किती आत सरकवायची यालाही अर्थ आहे. शाळेत समास सोडला नाही की छडी मिळे, इथे लाल अक्षरं मिळतात. म्हणजे माझं शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. दार उघडं असेल तर उत्तर शून्य येतं. बंद असेल तर भलामोठा आकडा. होकाराला काही लागत नाही, कारणं नकारालाच लागतात.

काही दारं होही म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. तिथे माझा प्रोग्रॅम नुसता उभा राहिला. कॅरिसाला फोन केला. ती म्हणाली, किती थांबायचं ते त्याला सांगून ठेवावं लागतं, अर्धा सेकंद पुष्कळ. अर्धा सेकंद! आम्ही कमिटीच्या उत्तराची वर्षभर वाट पाहतो.

बायको मीनाक्षी तिळगूळ द्यायला आली आणि पडद्याकडे बघत राहिली. "ह्या वयात कोणाची दारा ठोकतास तुमी?"

"मंडळाची."

"मगे उघडूची नाय," म्हणाली आणि गेली.

१७ जानेवारी, संकष्टी

दुपारी दुर्गावहिनींचा फोन. वहिनी म्हणजे माधवरावांच्या पत्नी. दसऱ्याला हितेंद्रनी देव्हाऱ्याकडे तोंड करून एक कॅमेरा बसवला, फ्लॉरेन्सच्या डोक्यावरच्या फळीवर. कमिटीच्या घरच्यांना मोबाइलवर देवाचं थेट दर्शन मिळावं म्हणून. बाकीच्यांचा उत्साह चार दिवसांत संपला. वहिनी मात्र रोज दर्शनाला हजर. सकाळच्या आरतीला त्यांना जमत नाही, घरची कामं असतात. पण दुपारी चारला दादरच्या घरी त्या मोबाइल लावून बसतात, ते मंडळ बंद होईपर्यंत.

"बुधाजी, तो कॅमेरा जरा खाली घ्या हो. फार उंचावर आहे."

"मूर्ती नीट दिसत नाही का?"

"दिसते हो. पण घंटेचा आवाज पुसट येतो."

मी स्टूल घेऊन कॅमेरा खाली, काउंटरच्या अगदी कडेला आणून बसवला. वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "आता छान. अगदी जवळ बसल्यासारखं वाटतं."

आम्ही रोज देवासमोर असतो पण आमचं चित्त दहा ठिकाणी. घेण्यासारखं आहे.

२० जानेवारी, सोमवार

परवानगीचा अर्ज माधवरावांपुढे ठेवला. मी लिहिलं होतं, 'मंडळाच्या यंत्रांची दारे ठोठावून पाहण्यास परवानगी मिळावी.'

"ठोठावून?" माधवराव म्हणाले. "बुधाजी, मंडळ कुणाच्या दारात जात नाही. लोक मंडळाच्या दारात येतात. शब्द बदला."

'तपासण्यास' लिहिलं. हितेंद्र म्हणाले त्यातून संशय दिसतो. शेवटी 'यंत्रांची विचारपूस करण्यास' यावर एकमत झालं आणि सही मिळाली. फ्लॉरेन्स काउंटरवरून म्हणाली, "माझी पण कोणीतरी विचारपूस करा." कुणी हसलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज जे घडलं ते जसं घडलं तसंच लिहितो, कारण उद्यापासून ते वेगळं सांगितलं जाणार आहे.

कॅरिसाने गेल्या शनिवारी सांगितलं होतं की दार उघडं सापडलं तर आत एखादी ओळ पाठवायची, म्हणजे काय उत्तर येतं त्यावरून आत कोण आहे ते कळतं. मी विचार केला, काय पाठवावं? आम्हाला पाटीवर पहिल्यांदा श्री काढायला शिकवलं. तेव्हापासून कोऱ्या जागी काही लिहायचं तर आधी श्री. प्रोग्रॅमला मराठी अक्षरं झेपेनात म्हणून मी इंग्रजीत SHREE घातलं आणि ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांवर प्रोग्रॅम सोडला.

प्रिंटर देव्हाऱ्याच्या शेजारी असतो. त्यालाही एक दार आहे, आणि त्या दारातून जे आत जाईल ते तो मुकाट्याने छापतो, हे मला आज कळलं. बाहेर बाकावर माणसं बसलेली, माधवराव उभे. कोणी हात न लावता प्रिंटर घरघरला आणि एक पांढराशुभ्र कागद बाहेर आला. त्यावर फक्त एक शब्द.

मी बाहेर आलो तोवर बाकावरची माणसं उठून हात जोडून उभी होती. एका आजोबांनी चपला काढल्या.

मी म्हटलं, "माधवराव, ते मी केलंय. माझा प्रोग्रॅम आहे."

हितेंद्र म्हणाले, "बुधाजी, मी आत्ता चेक केलं. प्रिंटची एकही कमांड गेलेली नाही. टेक्निकली हे अशक्य आहे."

"मी दाराने पाठवलं, कमांडने नाही..."

माधवरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुधाजी, देवाच्या कामाचं श्रेय माणसाने घेऊ नये."



२३ जानेवारी, गुरुवार

कागद काचेत बसवून देव्हाऱ्याच्या वर लावला. सकाळी पूजा करताना माझेच हात त्याला जोडले गेले. नंतर हसू आलं. मग वाटलं, हसू तरी का यावं? शब्द तर खरा आहे.

या गडबडीत कालची यादी राहून गेली. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, इंटरनेटचा डबा, हे सगळे ओळखीचे. शिवाय एक पत्ता असा की तो कुठल्या यंत्राचा ते कळेना. त्याचं पाचशे चौपन्न क्रमांकाचं दार सताड उघडं. हितेंद्रना विचारलं. म्हणाले, "असे घोस्ट ॲड्रेस येतात. इग्नोर करा."

२५ जानेवारी, शनिवार

कॅरिसाने आकडा पाहिला आणि लगेच म्हणाली, "काका, हे दार कॅमेऱ्याचं असतं. तुमच्या ऑफिसात कॅमेरा आहे?"

"तो देवाचा आहे."

"देवाचा असो की दारूच्या दुकानाचा, पासवर्ड नाहीये त्याला. कोणीही बघू शकतं. आणि ऐकू पण."

"ऐकू?"

"माईक असतो ना त्यात! काका, तुमच्या कॅमेऱ्याला डोळ्यांपेक्षा कान तिखट आहेत."

परतताना हाच विचार. कॅमेऱ्याला फक्त देव दिसतो. फ्लॉरेन्स दिसत नाही, बाकावरची आई दिसत नाही. म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. आणि तो त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून ऐकतोय.

पाहणारं कोण असेल? कॅरिसा म्हणाली, जगात कोणीही, रशियात बसलेला सुद्धा. मला त्या रशियन माणसाचा फार राग आला. मुलींच्या आयांचं बोलणं चोरून ऐकतो म्हणजे काय!

२७ जानेवारी, सोमवार

कॅमेरा तोच आहे याची खात्री करावी म्हणून आज पाचच्या सुमारास एकेक वायर काढून प्रोग्रॅम चालवला. कॉम्प्युटरची काढली, पाचशे चौपन्न उघडंच. प्रिंटरची काढली, उघडंच. कॅमेऱ्याची काढली, आणि दार बंद. सापडलं!

वायर माझ्या हातातच होती तेवढ्यात फोन वाजला. दुर्गावहिनी.

"बुधाजी, दर्शन गेलं! काय झालं?"

"वहिनी, तपासणी चाललीय. लावतो."

"लवकर लावा हो. आत्ताच कोण ते नव्या मुंबईचे आलेत ना?"

लावलं. भक्ती असावी तर अशी, क्षणाचा विरह सोसत नाही.

फ्लॉरेन्सला आत बोलावून सगळं सांगितलं: कॅमेरा, कान, रशिया. ती आनंदाने उडी मारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "रशियावाल्याला मनवाचं लग्न मोडून काय मिळणार रे?"

ते मला सुचलं नव्हतं.

मग विचारते, "वायर काढल्यावर वहिनींचा फोन किती वेळात आला?"

"लगेच."

ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं ताणाने होतं असं माणसाचं. मी पाणी दिलं.

"तू तुझं भाषण कर बुधाजी," ती म्हणाली. "रशियाचंच कर. मस्त कर."

३० जानेवारी, गुरुवार

आज सभा. गुरुवारी काउंटर बंद, तेव्हा बाहेरच्याच खोलीत, देवासमोर खुर्च्या मांडल्या होत्या.

मी उभा राहून सांगितलं. दारं, टकटक, पाचशे चौपन्न, पासवर्ड नाही, आवाज बाहेर जातो, रशिया.

माधवराव शांतपणे म्हणाले, "कॅमेऱ्यात काय दिसतं?"

"श्री दिसतात."

"म्हणजे श्रींनी चुगली केली असं तुमचं म्हणणं आहे?"

हितेंद्र म्हणाले, "मी स्वतः बसवलाय तो कॅमेरा. ब्रँडेड आहे. बेसिकली, सिस्टिम क्लीन आहे." मला लक्षात आलं की चुकीचं उत्तर बरोबर आवाजात दिलं की सभेला पटतं. मग माधवरावांनी फ्लॉरेन्सकडे वळून म्हटलं, "मिसेस परेरा, तुम्हाला काही सांगायचंय? नाहीतर आम्ही निर्णय घेतो."

फ्लॉरेन्स उठली. इतकी वर्षं तिने देव्हाऱ्याला कधी हात जोडले नाहीत. जाता-येता मान जरा झुकवते एवढंच. आज कॅमेऱ्याजवळ उभी राहून, हात जोडून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "गणपतीबाप्पा, तूच बघ. माधवरावांच्या घरी दुर्गावहिनींची डाळ करपतेय. सगळं लक्ष इथे. बिचाऱ्या माधवरावांनी जेवायचं काय?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. हितेंद्र म्हणाले, "हे काय चाललंय?"

माधवरावांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात.

"अहो!" दुर्गावहिनींचा आवाज खोलीभर झाला. "त्या बाईला विचारा, माझी डाळ करपते म्हणून तिला सांगितलं कोणी? आज आमच्याकडे खिचडी आहे म्हणावं!"

माधवरावांनी फोन बंद करायचा प्रयत्न केला. तो होईना. वहिनी पुढे म्हणाल्या, "आणि हितेंद्रना सांगा, मधेमधे खुर्ची सरकवू नका. मेलं काही ऐकू येत नाही."

इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'अध्यक्षांना घरगुती कारणास्तव फोन आल्याने सभा तहकूब.'

मी मात्र घरी येईपर्यंत कोड्यात. वहिनींना डाळीचं इतक्या लवकर कळलं कसं? मीनाक्षी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"तुमची रशिया दादराक ऱ्हवता."

जेवण गेलं नाही. कॅमेरा काउंटरच्या कडेला कुणी आणून ठेवला? भक्ती म्हणून मी स्टूलवर चढलो होतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

परवा माघी गणपती झाले. देवाला एकच मागितलं, की मला जरा उशिरा का होईना, पण कळत जाऊ दे.

आज पुन्हा सभा. मनवासाठी आलेल्या मुलाच्या मावशीला वहिनींनीच 'आपल्या माणसाला सावध करायला नको का' म्हणून सांगितलं होतं, ते उघड झालंय. पण सभेत ते नाव कुणी घेतलं नाही. ठराव झाला, 'मिसेस परेरा यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही.' पुरावा ज्या फोनमधून आला तो टेबलावर पडला होता.

फ्लॉरेन्स म्हणाली, "थँक्यू. आता तो कॅमेरा जाईल, नाहीतर मी जाईन. उद्या आणखी एक आई येऊन इथे तोंड उघडेल, ते कोणाच्या भरवशावर?"

सभेत चुळबुळ. माधवराव म्हणाले, "कॅमेरा कसा काढणार? प्रत्यक्ष श्रींनी कौल दिलाय, तो वर लावलाय. दर्शन बंद केलं असं बाहेर गेलं तर?" सगळ्यांनी माझ्या कागदाकडे बघून माना डोलावल्या. फ्लॉरेन्सने पर्स उचलली.

तेव्हा मी उभा राहिलो. मला युक्ती करायची नव्हती, मनात बरेच दिवस जे होतं तेच बोललो. "आमच्या गावच्या देवळात नैवेद्य झाला की बारा ते चार गाभारा बंद असतो. देव विसावा घेतो. आपला देव दसऱ्यापासून लोकांच्या नजरेसमोर ताटकळत उभा आहे. माणसाला आपण जेवायची सुट्टी देतो."

कुणीतरी "खरंच की" म्हणालं. हितेंद्रनी मोबाइलवर शास्त्र शोधलं. ठराव एकमताने झाला: रोज बारा ते चार देवाचा विसावा, त्या वेळात कॅमेऱ्याची वायर काढून ठेवायची.

"आणि काउंटर?" फ्लॉरेन्सने विचारलं.

मी म्हटलं, "काउंटरची वेळ बदलून बारा ते चार करू."

यंत्राच्या दाराला पासवर्ड लावा म्हटलं असतं तर उपसमिती नेमली असती. देवाच्या झोपेला कुणी विरोध केला नाही. फ्लॉरेन्सने पर्स परत खाली ठेवली.

१० फेब्रुवारी, सोमवार

नव्या वेळेचा पहिला दिवस. बाराला देव्हाऱ्याचा पडदा ओढला, वायर काढली, प्रोग्रॅम चालवला. पाचशे चौपन्न बंद. फोन वाजला, वाजू दिला. आता मंडळाचं प्रत्येक दार मला माहीत आहे, या समाधानात चहा घेतला.

दोनच्या सुमाराला खाली टॅक्सी थांबली. दुर्गावहिनी जिना चढून आल्या, हातात फुलांची पुडी आणि विणकामाची पिशवी. पडद्याला नमस्कार केला, बाकावर एका मुलीची आई बसली होती तिच्या अगदी शेजारी बसल्या आणि सुया काढल्या.

"मोबाइलवर काही खरं नाही हो बुधाजी. आता रोज प्रत्यक्षच येत जाईन."

अध्यक्षांची बायको, हातात फुलं, समोर देव. तिला कोण उठवणार?

ती आई बोलता बोलता थांबली होती. फ्लॉरेन्सने चष्मा नाकावर सरकवला, एक कोरा नोंदणी अर्ज घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं,

"या वहिनी, नंबर तुमचाच. काउंटरच्या वेळेत बाकावर फक्त नोंदणीवाले बसतात. बोला, स्थळ कुणासाठी बघताय? माधवरावांना कळवलंय ना?"